आयोग झाले, माफी झाली, पैसे झाले. आता बेअदबीचा कायदा. आणि खटले?

हजूरी_नांदेडकर

पंजाब विधानसभेत जुलै २०२५ मध्ये बेअदबीविरोधी विधेयक पुन्हा एकदा मांडलं गेलं. गुरू ग्रंथसाहिब, गीता, कुराण, बायबल, कशाचीही विटंबना केली तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. विधेयक प्रवर समितीकडे गेलं आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जयकारे सुरू झाले. तिथे मी गप्प बसलो, इथे बोलतो. माझा या कायद्याला विरोध आहे आणि शीख म्हणूनच आहे.

आम्हाला सरकारकडून आजवर काय काय मिळालं ते आधी बघू. इंदिरा गांधींच्या खुनानंतर, नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली. त्यानंतर पोलिसांच्या वागणुकीची चौकशी पोलीस अधिकारी वेद मारवाह यांच्याकडे दिली आणि ती मधेच थांबवली. मग न्या. रंगनाथ मिश्रा आयोग. त्याचं कामकाज बंद दाराआड चाललं. मिश्रा पुढे सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर काँग्रेसचे राज्यसभा खासदार. मग कपूर-मित्तल, जैन-बॅनर्जी, आहुजा, पोटी-रोशा, नरुला... नावं सांगता सांगता दम लागतो. आहुजा समितीने निदान मेलेले मोजले, एकट्या दिल्लीत २,७३३. शेवटचा नानावटी आयोग, त्याचा अहवाल आला २००५ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मनमोहन सिंगांनी राज्यसभेत माफी मागितली, शरमेने मान खाली घालतो म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण ज्यांच्या नावाने मोहल्ले जळले ते त्या वेळी कुठे बसले होते हेही बघा. काँग्रेसचे जगदीश टायटलर त्याच आठवड्यापर्यंत मंत्रिमंडळात होते. २००६ मध्ये मृतामागे साडेतीन लाख, डिसेंबर २०१४ मध्ये आणखी पाच लाख. सरकार बदललं, रक्कम वाढली.

आता न मिळालेलं. काँग्रेसचेच एच. के. एल. भगत २००५ मध्ये वारले, एकाही खटल्यात शिक्षा न होता. काँग्रेसचा माजी खासदार सज्जन कुमार, त्याला दिल्ली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती १७ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे चौतीस वर्षांनी. ती शिक्षा एका बाईमुळे झाली. पालम कॉलनीतल्या राजनगरच्या जगदीश कौर. जमावाने नवरा मारला, अठरा वर्षांचा मुलगा मारला. मदतीला कुणी आलं नाही, पोलीस तर नाहीच. प्रेतं घरात. शेवटी घरातलंच लाकूडसामान गोळा करून त्या बाईने दोघांना अग्नी दिला. त्यानंतर आयोगांपुढे, सीबीआयपुढे, कोर्टांपुढे तीच हकिगत सांगत राहिली. २०१३ मध्ये खालच्या कोर्टाने सज्जन कुमारला सोडलं तेव्हाही ती हटली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरस्वती विहारच्या बापलेकांच्या खुनातही त्याला जन्मठेप झाली. आमचं सरकारकडे मागणं असतं ते हे. बाकी सगळं याच्याऐवजी दिलेलं आहे.

अकाल तख्ताची, म्हणजे सुवर्ण मंदिराच्या आवारातल्या आमच्या सर्वोच्च धर्मपीठाची, गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल. जून १९८४ च्या लष्करी कारवाईत, ब्लू स्टारमध्ये, रणगाड्यांच्या तोफांनी ते ढासळलं. सरकारला घाई झाली की जखम दिसता कामा नये. म्हणून निहंगांचे, म्हणजे शस्त्रधारी शीख पंथाचे, प्रमुख बाबा संता सिंग यांना पुढे केलं, केंद्रीय मंत्री बुटा सिंगांना देखरेखीला ठेवलं, आणि काही महिन्यांत तख्त नव्यासारखं उभं केलं, सोन्याच्या घुमटासकट. नाव 'कारसेवा', काम ठेकेदाराचं, भोवती लष्कर. पंथाने दोघांनाही बाहेर काढलं. जानेवारी १९८६ च्या सरबत खालशात, म्हणजे पंथाच्या महासभेत, ठरलं की ही इमारत पाडायची. धडधाकट इमारत पाडली आणि संगतीने डोक्यावर टोपल्या वाहून पुन्हा बांधली. लोक म्हणाले वेडेपणा आहे. मला तो वेडेपणा कळतो. ज्याने पाडलं त्यानेच विचारल्याशिवाय प्लास्टर मारलं, तर भरपाई घेणाऱ्याचं त्यात काय उरलं?

बेअदबीचा कायदा मला त्याच जातीचा वाटतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये पंजाबातल्या बरगाडी गावात गुरू ग्रंथसाहिबचे अंग, म्हणजे पानं, फाडून टाकलेले सापडले. दोनच दिवसांनी बेहबल कलांमध्ये रस्त्यावर बसलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दोघे गेले. झोरा सिंग आयोग, रणजित सिंग आयोग, मग एसआयटीवर एसआयटी. निकाल अजून नाही. जे सरकार गोळीबाराचा खटला दहा वर्षांत तडीला नेत नाही ते मला जन्मठेपेचं नवं कलम देतंय. मला नको.

कर्वेनगरी

लेख चांगला, यादी मात्र सोयीची. मी पुण्याचा, म्हणून तुम्ही गाळलेलं सांगतो.

१० ऑगस्ट १९८६. जनरल अरुणकुमार वैद्य, दोन वेळा महावीरचक्र मिळालेला माणूस, निवृत्त होऊन सहा-सात महिने झालेले. बाजारातून पत्नीबरोबर घरी निघाले होते, गाडी स्वतः चालवत होते. भर रस्त्यात गोळ्या घातल्या. का, तर ब्लू स्टारच्या वेळी ते लष्करप्रमुख होते. आदेश दिल्लीच्या राजकारण्यांचा, शिक्षा सैनिकाला. आणि ज्यांनी मारलं, सुखा आणि जिंदा, त्यांचा 'शहीदी दिन' सुवर्ण मंदिराच्या आवारात पाळला जातो. भिंद्रनवालेचं चित्र २००७ पासून तिथल्या संग्रहालयात आहे. १९८७ मध्ये लालडूजवळ बस अडवून हिंदू प्रवाशांना मारलं, त्यांच्या नावाचा आयोग कुठला? तुमच्या जखमेला इतिहास म्हणायचं आणि आमची विसरायची, हा कुठला न्याय?

हजूरी_नांदेडकर

कर्वेनगरी, वैद्यांचा खून हा खून होता. एका शिपायाला, तेही निवृत्त आणि निःशस्त्र, बायकोसमोर मारणं हे आमच्या कुठल्याच मर्यादेत बसत नाही. त्या हारतुऱ्यांना मी कधी गेलो नाही, जाणारही नाही. लालडूबद्दलही तेच. तिथल्या कुटुंबांनी मागितला तर आयोगासाठी मीही सही करीन.

पण तुमचंच उदाहरण पुढे नेतो. सुखा-जिंदा पकडले गेले, पुण्यात खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात फाशी झाली. गुन्ह्यापासून फासापर्यंत सहा वर्षं. इंदिराजींच्या मारेकऱ्यांचं तर त्याहून लवकर, १९८९. म्हणजे यंत्रणा चालते, चालवायची असली की. १९८४ ला दिल्लीत शिखांची कत्तल झाली त्या त्रिलोकपुरीच्या ३२ नंबर ब्लॉकमध्ये तीच यंत्रणा कुठे होती एवढंच माझं विचारणं आहे.

अमृतवेळा

मी शीख आहे, मुंबईत वाढले. वीरजींशी पहिल्या अर्ध्या भागात शंभर टक्के सहमत, दुसऱ्या अर्ध्यात अजिबात नाही.

इथल्या मराठी वाचकांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण 'एक पुस्तक फाडलं म्हणून जन्मठेप?' असं कोणीतरी म्हणणारच. आमच्या गुरुद्वाऱ्यात पहाटे गुरू ग्रंथसाहिब डोक्यावर घेऊन आणतात, पालखीखाली प्रकाश करतात, म्हणजे उघडून मांडतात, रुमाले चढवतात, मागे उभं राहून चौर ढाळतात. रात्री सुखासन, म्हणजे मिटून विश्रांतीला ठेवणं. उन्हाळ्यात पंखा, थंडीत ऊबदार रुमाले. माझी आई बिरेसमोरून, म्हणजे ग्रंथाच्या प्रतीसमोरून, जाताना कधी पाठ करत नसे. पानाला आम्ही पान म्हणत नाही, अंग म्हणतो. दहा गुरूंनंतर अकरावे गुरू हेच, आणि ही घोषणा झाली तुमच्याच नांदेडला, १७०८ साली. त्यात तुमच्या नामदेवांची ६१ पदंही आहेत, हे घुमानच्या साहित्य संमेलनानंतर तरी सगळ्यांना ठाऊक असावं. २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही गुरू ग्रंथसाहिबला कायदेशीर व्यक्ती मानलं.

आणि कायद्यात शिक्षा किती? जुनं २९५-अ, १९२७ मधलं. जास्तीत जास्त तीन वर्षं. बरगाडीच्या आधी जूनमध्ये बीर चोरीला गेली, मग भिंतींवर आव्हान देणारी पोस्टर्स लागली, मग अंग फाडून रस्त्यावर. हे ठरवून केलेलं होतं. त्याला तीन वर्षं? खटले संपत नाहीत म्हणून कायदाच करायचा नाही हा कुठला युक्तिवाद? खटलेही संपवा, कायदाही करा.

चिंतामणराव

दंगली काय फक्त शिखांच्या झाल्या? मुंबईत ९२-९३ झालं. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला, नावानिशी दिला, तो कपाटात आहे. कोण रडतंय? चाळीस वर्षं झाली. पंजाबात आज ड्रग्ज आहेत, कर्ज आहे, पोरं कॅनडाला पळतायत. तेच तेच उगाळून कुणाचं भलं होतं?

हजूरी_नांदेडकर

चिंतामणराव, श्रीकृष्ण आयोगाचं तुम्ही सांगितलंत ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे रडणारे आहेत, तुम्हाला ऐकू येत नाहीत. १९८४ ला कोणाला शिक्षा झाली असती तर १९९२ ला पुढाऱ्यांनी दहादा विचार केला असता असं मला वाटतं. ते जाऊ द्या.

अमृतवेळा बीबीजी, तुमच्या आईसारखीच माझी आजी. श्रद्धेवर आपला वाद नाही. वाद हा की कलम कोणाच्या हातात जाणार. १९ डिसेंबर २०२१, कपूरथळ्याजवळचं निजामपूर. एका परक्या पोराला बेअदबी केली म्हणून पकडलं, गावाने मारून टाकलं. पोलिसांनी नंतर सांगितलं की बेअदबीचा पुरावाच नाही, गुन्हा नोंदला तो खुनाचा. आदल्याच दिवशी दरबार साहिबमध्ये, म्हणजे सुवर्ण मंदिरात, एकाला मारला होता. तो कोण, कुठला, कोणी पाठवला, हे विचारायलाही जिवंत ठेवला नाही. बरगाडीचा सूत्रधार शोधायचा असता तर असा माणूस जिवंत हवा होता ना?

आणि आपल्या घरातलं. आमच्या नांदेडच्या हजूर साहिबमध्ये गुरू ग्रंथसाहिबसोबत गुरू गोबिंदसिंगांच्या नावाच्या दसम ग्रंथाचाही प्रकाश असतो. दसऱ्याला बकऱ्याचा झटका, म्हणजे एका घावात बळी, होतो, शस्त्रांना टिळा लागतो. ही आमची दोन-अडीचशे वर्षांची मर्यादा. अमृतसरच्या रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, हे बसत नाही, तिकडचे बरेच जण नाकं मुरडतात. उद्या कोणी उठून म्हणालं की हजूरी मर्यादा हीच बेअदबी, तर दहा वर्षं कोणाला? आमच्याच पुजाऱ्यांना.

कोर्टकचेरी

वकिली करतो, छत्रपती संभाजीनगरला. दोघांच्याही मधे पाय घालतो.

धागाकर्त्यांनी नुकसानभरपाई 'रक्कम वाढली' म्हणून उडवून लावली ते पटलं नाही. भजन कौर प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की नागरिकाचा जीव वाचवणं हे सरकारचं घटनात्मक कर्तव्य आहे, त्यात कसूर झाली तर भरपाई हा हक्क आहे. ती मेहेरबानी नाही. त्याआधी सरकार दहा-वीस हजार हातावर ठेवून मोकळं होत होतं. त्या विधवांनी पैसे घेतले यात कमीपणा काहीच नाही. तख्त पाडून पुन्हा बांधणं संगतीला परवडतं, पोरांची फी भरायची आहे तिला नाही.

मूळ घोळ कुठे झाला ते सांगतो. दिल्ली पोलिसांनी खुनागणिक एफआयआर घेतलेच नाहीत. अख्ख्या वस्तीतले खून एकाच एफआयआरमध्ये कोंबले. कोण मेलं, कोणी मारलं, साक्षीदार कोण, काही वेगळं काढता येत नाही. कोर्टात असं प्रकरण उभं राहिलं की बचावाचा वकील अर्ध्या तासात त्याच्या चिंध्या करतो, मीही केल्या असत्या. बाकीची प्रकरणं 'तपास लागत नाही' म्हणून बंद. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी १८६ बंद प्रकरणं निवृत्त न्या. धिंग्रांच्या पथकाकडे दिली, तोवर साक्षीदार म्हातारे झालेले किंवा गेलेले.

सज्जन कुमारच्या निकालात न्या. मुरलीधर आणि न्या. गोयल यांनी एक गोष्ट लिहिली आहे ती या वादात कोणीच काढली नाही. आपल्या कायद्यात ना वंशसंहार हा गुन्हा आहे, ना मानवतेविरुद्धचा गुन्हा. जमाव गोळा करणारा, मतदारयाद्या पुरवणारा, पोलिसांना गप्प बसवणारा, या सगळ्यांना साध्या खुनाच्या कलमातून पकडावं लागतं. त्यानंतर भारतीय न्यायसंहिता नव्याने लिहिली, १ जुलै २०२४ पासून लागू केली, त्यातही ही उणीव तशीच ठेवली. पंजाब सरकारला कलमच हवं असेल तर हे मागावं. बीबीजी, तुम्हीही.

ब्रॅम्प्टनची_वहिनी

कॅनडातून. इथलं एक उदाहरण तुम्हा सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

१९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' ही बोट व्हँकुव्हरला आली. गुरदित सिंगांनी भाड्याने घेतलेली, ३७६ प्रवासी, बहुतेक शीख. कॅनडाने नियमच असा केला होता की मायदेशातून थेट, न थांबता येणाऱ्यालाच प्रवेश, आणि भारतातून तशी बोटच नव्हती. दोन महिने किनाऱ्यासमोर नांगरून ठेवली, मोजके लोक उतरू दिले, बाकीच्यांना युद्धनौका दाखवून परत धाडलं. कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर इंग्रज पोलिसांनी गोळीबार केला, वीसेक मेले.

२००८ मध्ये पंतप्रधान हार्पर सरे शहरातल्या एका बागेत, मेळ्यात, माफी मागून गेले. ते मंचावरून उतरताच शीख पुढाऱ्यांनी तिथेच माइकवर सांगितलं की मंजूर नाही. संसदेत मागा. चिनी लोकांवर लादलेल्या डोईपट्टीची माफी दोन वर्षं आधी संसदेत मागितली होती, हयात असलेल्यांना वीस हजार डॉलरही दिले होते, मग आम्हाला बागेत का? आठ वर्षं मागणी सोडली नाही. १८ मे २०१६ रोजी ट्रूडोंनी संसदेत मागितली. नांदेडकरांचं म्हणणं इथे खरं ठरलं, माफी कुठे उभं राहून मागता याला किंमत असते.

पण मला याच गावात राहायचं आहे, म्हणून दुसरंही लिहिते. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान पाडलं, ३२९ माणसं. त्यात मराठीही होती. इतक्या वर्षांत शिक्षा झाली ती बॉम्ब बनवणाऱ्या एकट्या रेयातला, बाकीचे २००५ मध्ये सुटले. चौतीस वर्षांचा उशीर तुम्हाला बोचतो, इथल्या कुटुंबांना तर तेवढंही मिळालं नाही. आणि जून २०२३ मध्ये आमच्या ब्रॅम्प्टनच्या मिरवणुकीत इंदिरा गांधींच्या खुनाचा देखावा ट्रकवर मांडला होता. रक्ताने माखलेली पांढरी साडी नेसवलेला पुतळा, समोर बंदुका रोखलेले. फुटपाथवर पोरं बघत होती. त्या दिवशी मला कोमागाटा मारूबद्दल कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

वजिराबादकर

मीही नांदेडचा, शीख नाही. सरदारजी, एक विचारतो, राग नको. दिल्लीच्या सरकारने तख्ताला हात लावलेला चालत नाही हे समजलं. मग आपल्या गुरुद्वारा बोर्डावर सरकार असावं की नाही? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १९५६ चा कायदा बदलायचं ठरवलं, सतरापैकी बारा सदस्य सरकारचे. तुम्ही कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला, अमृतसरहून निषेध आला, सरकार थांबलं. पण बोर्डाच्या भानगडी नांदेडात कोणाला माहीत नाहीत? आणि २०२१ च्या होला मोहल्ल्याला, होळीच्या वेळच्या शीख सणाला, कोरोनात मिरवणूक नाकारली म्हणून तलवारी घेऊन पोलिसांवर गेले, चार पोलीस जखमी झाले, तेव्हा धार्मिक भावनेचंच कारण सांगितलं होतं. भावना दुखावली हे कधी ऐकायचं आणि कधी नाही, ते कोण ठरवणार?

हजूरी_नांदेडकर

वजिराबादकर, राग कसला, रोज एकाच नाक्यावर चहा पितो आपण बहुधा. होल्याला पोलिसांवर हात टाकला ते चुकीचंच, त्यांच्यावर गुन्हे झाले ते बरोबर. बोर्डाच्या भानगडींवर उपाय निवडणुका आणि ऑडिट. बारा सरकारी माणसं बसवून भानगडी बंद होतात असं राज्यातल्या कुठल्या देवस्थानात दिसलं ते सांगा, मी मोर्चा मागे घेतो.

वहिनी, त्या ट्रकबद्दल माझ्याकडे बचाव नाही. इथल्या माझ्या पिढीतल्या कुणाला त्याचा अभिमान नाही.

कोर्टकचेरी, भरपाईचा मुद्दा मान्य नाही असं नाही, माझा आक्षेप पैसे घेणाऱ्यांवर कधीच नव्हता. देणारा पैसे देऊन पावती समजतो, त्यावर आहे. सामूहिक हत्येच्या कलमाची मागणी मात्र पूर्ण पटली.

कर्वेनगरी

सहा वर्षांत फाशीचा मुद्दा मानला. पण 'मी हारतुऱ्यांना जात नाही' एवढं पुरत नाही. तुमच्या पाच तख्तांपैकी एक नांदेडला आहे. तिथून एकदा जाहीर निघू द्या की वैद्यांचे मारेकरी शहीद नव्हेत. मग मी स्वतः त्रिलोकपुरीसाठी सही गोळा करतो, पुण्यात, लक्ष्मी रोडवर उभा राहून.

हजूरी_नांदेडकर

तख्ताच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही. माझ्या नावाने पत्र लिहून तख्ताच्या प्रमुखांना, जत्थेदारांना, देऊ शकतो, ते देतो. तुमची सही मात्र त्या उत्तराला बांधू नका. त्रिलोकपुरीतल्या बायकांनी वैद्यांना मारलेलं नाही.

अमृतवेळा

सगळं वाचलं. झटक्याचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, तो मी मोडीत काढत नाही. कायद्यात हेतू सिद्ध करायची अट घाला, पंथातल्या मर्यादेच्या वादांना वगळा, वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय गुन्हा नोंदवू नका, जमावाने मारलं तर त्यालाही तितकीच शिक्षा लिहा. पण कलम नकोच, हे मला मान्य नाही. वीरजी, तुम्ही म्हणता आधी बेहबल कलांचा निकाल लावा. तो लागेपर्यंत पुढची बरगाडी झाली तर ठाण्यात जाऊन मी कोणतं कलम सांगायचं, तीन वर्षांचं?

कोर्टकचेरी

बीबीजी, बरगाडीत तीन वर्षांचं कलमसुद्धा अजून शेवटपर्यंत गेलेलं नाही. खटला पंजाबातून चंदीगडला हलवला गेला, आरोपी जामिनावर, एकाचा तुरुंगात खून झाला. तिथे जन्मठेपेचं कलम असतं तरी फाइल त्याच टेबलावर असती.

अमृतवेळा

मग टेबल बदला. कलम मला हवंच आहे.